यादीतलं शेवटचं अक्षर

अमेरिकेत मोठं चक्रीवादळ येऊन गेलं आणि राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर केली की ‘फेमा’ ही केंद्रीय संस्था पंचनामे सुरू करते. आपल्याकडे तलाठी बांधावर येतो, तिथे फेमाची माणसं फॉर्म घेऊन येतात. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचे सात गट आहेत, ए पासून जी पर्यंत. ए म्हणजे पडलेली झाडं, राडारोडा उचलणं. बी म्हणजे जीव वाचवण्याची तातडीची कामं. मग रस्ते-पूल, पाणी अडवणारी बांधकामं, सरकारी इमारती, वीज-पाणी-सांडपाणी. आणि सगळ्यात शेवटी जी: बागा, मैदानं, पोहण्याच्या जागा, बोटींचे धक्के ‘आणि इतर’.

या क्रमाबद्दल कुणी भांडणार नाही. घरात पाणी शिरलेलं असताना तलावाकाठचं बाकडं कुणाला आठवतं? पण न्यू ऑर्लिन्समध्ये मी दोन वर्षं राहिलो आणि त्या शहराच्या पाणकाठाबद्दल हाती लागेल ते वाचत गेलो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की या शेवटच्या अक्षरामागे जवळजवळ शंभर वर्षांचं भांडण दडलेलं आहे. वादळ त्यात खूप उशिरा येतं.

आधी ते पाणी समजून घेऊ. शहराच्या उत्तरेला पॉन्चरट्रेन सरोवर आहे. स्थानिक लोक नुसतं ‘द लेक’ म्हणतात, आणि मराठी कानाला ते मुलीबद्दल बोलताहेत असंच वाटत राहतं. क्षेत्रफळ सुमारे १,६३० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या अडीच पटीहून जास्त. एवढ्या पसाऱ्याला खोली किती? सरासरी बारा-चौदा फूट. थाळीत पाणी ओतल्यासारखं. शिवाय ते खरं सरोवरही नाही. पूर्वेकडच्या अरुंद वाटांनी ते समुद्राला जोडलेलं आहे, पाणी मचूळ आहे, भरती-ओहोटी थोडीशी का होईना जाणवते. आपल्या भाषेत त्याला खाडीच म्हणावं लागेल. त्यामुळे मेक्सिकोच्या आखातात वादळ उठलं की समुद्र मागच्या दाराने या थाळीत शिरतो, आणि शहराचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली.

फ्रेंचांनी १६९९मध्ये आपल्या एका मंत्र्याचं नाव या पाण्याला दिलं. पण लोक इथे मौजेसाठी येऊ लागले ते आगगाडीमुळे. १८३१ साली मिसिसिपी नदीपासून सरोवरापर्यंत रूळ टाकले गेले. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी धावण्याच्या बावीस वर्षं आधी. सुरुवातीला डबे घोडे ओढत, नंतर वाफेचं इंजिन आलं. जिथे रूळ संपत तिथे मिल्नबर्ग नावाची वस्ती वाढली: पाण्यात खांबांवर उभी लाकडी घरं, खाणावळी, हॉटेलं, नाचाचे मांडव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॅझ वाजवणारे तरुण रविवारी तिथे बिदागीवर वाजवायला जात. ‘मिल्नबर्ग जॉइज’ ही जॅझची प्रसिद्ध रचना या गावाच्या नावाची आहे. १९२३ साली तिचं ध्वनिमुद्रण झालं, पण तोवर गावाचे दिवस भरत आले होते.

१९२६च्या सुमारास ऑर्लिन्स लेव्ही बोर्डाने, म्हणजे पुरापासून बचावाचे बांध सांभाळणाऱ्या सरकारी मंडळाने, किनारा पुढे ढकलायचं मोठं काम हाती घेतलं. सरोवराच्या तळातला गाळ उपसून भराव घातला. सुमारे २,००० एकर नवी जमीन तयार झाली आणि तिच्या कडेने साडेपाच मैल लांब काँक्रीटची पायऱ्यांची भिंत. भिंत कसली, घाटच तो! नाशिक-वाईच्या माणसाने पाहिला तर दिवे सोडायला जागा शोधेल. संध्याकाळी लोक त्या पायऱ्यांवर बसलेले असतात. काही जण दोरीला कोंबडीच्या माना बांधून जाळीने निळे खेकडे पकडतात. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, पाय जपून टाकावा लागतो.

नवी जमीन विकून आलेल्या पैशांतून खर्च भागवायचा बेत होता. लेक व्हिस्टा, लेकशोर, लेक टेरेस अशा देखण्या वसाहती झाल्या. खरेदीखतांत अट होती: घर फक्त गोऱ्यांना. मंडळ सार्वजनिक, भराव सार्वजनिक आणि काठ मात्र असा वाटून दिलेला. या घाटाचं कौतुक करताना ही गोष्ट मला कायम टोचत राहते.

पोहण्याच्या जागांचंही तेच. १९२८ साली ‘पॉन्चरट्रेन बीच’ हे करमणुकीचं उद्यान सुरू झालं आणि १९३९मध्ये जुन्या मिल्नबर्गच्या जागी हललं. आणून टाकलेली वाळू, झेफिर नावाचा लाकडी रोलर कोस्टर, दिव्यांच्या माळा. १९५५ साली तेव्हा फारसा नावाजलेला नसलेला एल्विस प्रेस्ली तिथे गाऊन गेला. प्रवेश फक्त गोऱ्यांना.

काळे लोक सीब्रुकजवळच्या काठावर पोहत. ती काही तयार केलेली जागा नव्हती, जिथे अडवत नाहीत तिथे जायचं एवढंच. १९३९च्या सुमारास त्यांच्यासाठी शहराच्या पार पूर्वेला, लिटल वुड्स नावाच्या भागात एक तुकडा नेमून दिला गेला. त्याचं नाव ‘लिंकन बीच’. नाव मोठं, जागा लांब. आजूबाजूला पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या मासेमारीच्या खोपट्यांचं सांडपाणी थेट पाण्यात येत होतं. तक्रारी झाल्या, वर्षं गेली. अखेर १९५४च्या उन्हाळ्यात ती जागा नीट बांधून उघडली: पोहण्याचे तलाव, पाळणे, उपाहारगृह, गाण्यांचा रंगमंच. फॅट्स डॉमिनोसारखे कलाकार तिथे गायले. ज्यांनी लहानपणी तिथे उन्हाळे काढले ते आज म्हातारे झालेत, पण बोलायला लागले की आवाज बदलतो. ती जागा वेगळं ठेवण्यासाठी दिली गेली होती हे त्यांना माहीत असतं आणि ती त्यांना मनापासून आवडायचीही. या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात येतात. इतिहास लिहिणाऱ्याने त्यातली एक कापून टाकू नये.

१९२८ हे साल वाचताना मराठी माणसाला महाड आठवल्याशिवाय राहत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, २० मार्च १९२७ला, डॉ. आंबेडकर आणि हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले होते. तळं नगरपालिकेचं होतं, कागदावर सर्वांना खुलंही झालं होतं. पिण्याचं पाणी आणि पोहण्याचं पाणी यांत फरक आहे, तुलना फार ताणू नये हे मान्य. पण सार्वजनिक पाण्याच्या काठावर ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ कोण ठरवतो, हा प्रश्न दोन्हीकडे एकाच काळात उभा होता. आंबेडकरांना तिकडचं भान होतंच. १९४६ साली त्यांनी काळ्यांच्या चळवळीतले विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून संपर्क साधला होता.

१९६४ साली नागरी हक्क कायदा आला. पॉन्चरट्रेन बीच सर्वांसाठी खुलं झालं. आणि लिंकन बीच बंद झालं. युक्तिवाद सरळ होता: आता एकच किनारा सगळ्यांचा, मग दुसऱ्यावर खर्च कशाला? समतेच्या नावाखाली काळ्यांची बांधलेली, चालती जागा गेली. अमेरिकेच्या दक्षिणेत हे खूप ठिकाणी झालं. कुठे शाळा बंद पडल्या, तर कुठे गोऱ्या-काळ्यांना एकत्र पोहू देण्याऐवजी नगरपालिकांनी पोहण्याचे तलावच बुजवले.

एकच किनारा उरला, तोही टिकला नाही. साठच्या दशकापासून शहराच्या बाजूने सरोवरात पोहू नका असे इशारे होते. सांडपाणी होतं, आणि दुसरीकडे तळातले शिंपले यंत्रांनी उपसले जात होते. रस्त्यांच्या खडीसाठी १९३०च्या दशकापासून हा उपसा चालू होता. त्याने पाणी कायम गढूळ. १९८३मध्ये पॉन्चरट्रेन बीचनेही दिवे विझवले. १९८९ साली सरोवर वाचवण्यासाठी नागरिकांची एक संस्था उभी राहिली, १९९०मध्ये शिंपल्यांचा उपसा बंद झाला आणि पाणी हळूहळू निवळू लागलं. १९९८च्या जॉर्जेस वादळाने लिटल वुड्सची बहुतेक लाकडी खोपटी नेली. कतरिना यायच्या वेळी सरोवर चाळीस वर्षांत नव्हतं इतकं स्वच्छ होतं, आणि काठावर फिरायला मोकळीक होती.

२९ ऑगस्ट २००५. त्या सकाळबद्दल एक गैरसमज अजून टिकून आहे: सरोवर घाट ओलांडून शहरात घुसलं. मुख्य नाश तसा झाला नाही. शहरातलं पावसाचं पाणी उपसून सरोवरात सोडायला जुने कालवे आहेत. वादळाने फुगलेलं सरोवर या कालव्यांत उलटं शिरलं. सतराव्या रस्त्याचा कालवा आणि लंडन ॲव्हेन्यूचा कालवा यांच्या काँक्रीटच्या पूरभिंती पाणी माथ्यापर्यंत पोहोचायच्या आतच कोसळल्या, कारण पायाखालची माती त्यांना धरून ठेवू शकली नाही. या भिंती लष्कराच्या अभियंता दलाने बांधल्या होत्या आणि आरेखनातला दोष त्या दलाने नेमलेल्या चौकशीतच २००६ साली पुढे आला. मग सरोवराची आणि शहराची पातळी एक होईपर्यंत पाणी येत राहिलं. शहराचा सुमारे ८० टक्के भाग बुडाला. या वादळात १,३००हून अधिक माणसं गेली. पाणी पूर्ण उपसायला ४३ दिवस लागले, आणि उपसलेलं पाणी गेलं कुठे? सरोवरातच.

त्या पाण्याला टीव्हीवाले विषारी रस्सा म्हणत होते. लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी नमुने तपासले तेव्हा रासायनिकदृष्ट्या ते शहरातल्या नेहमीच्या पावसाळी सांडपाण्याहून फार वेगळं निघालं नाही, जंतू मात्र भरपूर होते. सरोवर अपेक्षेपेक्षा लवकर सावरलं. पाण्यातले जंतू उन्हाने, वाऱ्याने, भरती-ओहोटीने गेले. काँक्रीटचं तसं नसतं.

काठाची अवस्था वाईट होती. १८४९ साली स्थापन झालेल्या सदर्न यॉट क्लबची इमारत वादळातच पेटली आणि जळून गेली. चहूकडे पाणी असताना आग लागते आणि विझवायला कुणी पोहोचू शकत नाही, ही त्या दिवसांतली विचित्र गोष्ट. वेस्ट एंडची माशांची जुनी उपाहारगृहं खांबांसकट नाहीशी झाली. १८९०चं न्यू कॅनॉल दीपगृह आधी वाकलं, नंतर कोसळलं. धक्क्यातल्या शेकडो नौका एकमेकींवर चढल्या होत्या. घाटामागची माती खचून रस्त्याचे तुकडे तुटले.

दुरुस्ती कशी झाली हे पाहताना यादीतल्या त्या अक्षराचा अर्थ कळतो. १९८८च्या स्टॅफर्ड कायद्यानुसार केंद्राची मदत मुळात वादळाआधी जसं होतं तसं करण्यासाठी असते. एरवी खर्चाचा किमान ७५ टक्के वाटा केंद्र उचलतं, कतरिनाच्या बाबतीत पुढे १०० टक्के केला गेला. म्हणजे पैसा नव्हता असं नाही. पण प्रत्येक कठड्याचा, प्रत्येक दिव्याच्या खांबाचा पंचनामा हवा. हे वादळाने मोडलं की आधीच मोडकं होतं? विम्याचे किती मिळाले? जसं होतं तसं करायला किती आणि नवं केलं तर किती? हा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालतो. घाटालगतच्या रस्त्याचे काही भाग कित्येक वर्षं बंद राहिले. महापालिकेचा नौकांचा धक्का पूर्ववत व्हायला सुमारे पंधरा वर्षं लागली. वादळाच्या वर्षी जन्मलेलं मूल तोवर मिसरूड फुटायच्या वयाला आलं.

जिथे कुणी मागे लागलं तिथे काम लवकर झालं. यॉट क्लबला सभासद होते, वर्गणी होती, नवी इमारत उभी राहिली. दीपगृहामागे १९८९ची तीच सरोवर-संस्था लागली. वाचलेले भाग वापरून तिने ते पुन्हा बांधलं आणि २०१३मध्ये तिथे लहानसं संग्रहालय उघडलं. सिटी पार्क या १,३०० एकरांच्या उद्यानाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. तिथली तळी आणि हिरवळ खाऱ्या पाण्याखाली आठवडेच्या आठवडे राहिली, बहुतेक नोकरांना कमी करावं लागलं. गवत कमरेएवढं झालं तेव्हा काही लोक घरची यंत्रं घेऊन कापायला आले. त्यांनी स्वतःला ‘मो-रॉन्स’ म्हणवून घेतलं. ‘मो’ म्हणजे गवत कापणं, आणि सगळं मिळून ‘मूर्ख’. स्वतःचं घर अर्धवट असताना सरकारी बागेतलं गवत कापणाऱ्यांनी स्वतःला दिलेलं नाव!

काळ्यांच्या वस्तीतली एक जागाही उभी राहिली, तीही उशिरा. १९५५च्या सुमारास वसलेल्या पॉन्चरट्रेन पार्कमध्ये जोसेफ बार्थोलोम्यू यांच्या नावाचं गोल्फ मैदान आहे. सिटी पार्कमधली मैदानं आखणारे हे गृहस्थ काळे असल्यामुळे त्यांना स्वतः आखलेल्या मैदानावर खेळायची परवानगी नव्हती. वादळात बुडालेलं हे मैदान २०११ साली पुन्हा सुरू झालं.

लिंकन बीच? फेमाच्या नियमांत एक अट आहे: वादळाच्या वेळी जागा वापरात असली पाहिजे. बंद पडलेल्या जागेच्या दुरुस्तीला सहसा मदत मिळत नाही. हिशेबाने पाहिलं तर अट चुकीची नाही. नाहीतर प्रत्येक गाव पन्नास वर्षांपूर्वीचं पडकं बांधकाम वादळाच्या नावावर उभं करून घेईल. पण इथे तिचा परिणाम बघा. १९६४मध्ये घेतलेला एक निर्णय २००५च्या पंचनाम्यात जसाच्या तसा उतरतो. ‘जसं होतं तसं’ म्हणताना आपण नुसती इमारत मोजत नाही, त्या आधीच्या दिवशीची सगळी वाटणीच कायम करतो. जिथे क्लब होता तिथे क्लब आला. जिथे कुंपण होतं तिथे कुंपण राहिलं. यात कुणा कारकुनाचा द्वेष शोधायची गरज नाही, फॉर्म नीट भरला एवढंच पुरतं.

त्याच वेळी शहराच्या संरक्षणावर साडेचौदा अब्ज डॉलर खर्च झाले. तिन्ही कालव्यांच्या तोंडाशी दारं आणि प्रचंड पंप बसले, ते काम २०१८मध्ये संपलं. आता वादळ आलं की दारं लावतात आणि सरोवराला कालव्यात उलटं शिरता येत नाही. हे हवंच होतं. त्यात बकटाउनच्या कोळ्यांच्या बोटींची कालव्यातली जुनी जागा गेली, पुढे त्यांच्यासाठी नवा धक्का झाला. यादीत पाणी अडवणं ‘डी’मध्ये येतं, ‘जी’च्या तीन अक्षरं आधी.

लिंकन बीचवर दरम्यान झाडी वाढली. पूर्वी लोक रुळांखालच्या पादचारी बोगद्यातून थेट वाळूवर उतरत. बंद झाल्यावर रूळ ओलांडून, कुंपणातल्या भोकातून जाऊ लागले. कचरा साठला, भिंतींवर रंगीत चित्रं आली, छपरांचे सांगाडे उरले. २०२०मध्ये, करोनाने सगळं बंद असताना, आसपासच्या काही रहिवाशांनी पिशव्या आणि फावडी घेऊन ती जागा साफ करायला सुरुवात केली. परवानगी कुणाकडेच नव्हती. आठवड्यामागून आठवडे ते येत राहिले. वाळू पुन्हा दिसू लागली तशी शनिवार-रविवारी कुटुंबं यायला लागली, कुणी शेगडी आणली, कुणी स्पीकर.

मग महापालिका जागी झाली. सभा झाल्या, आराखडे आले, दोन कोटी डॉलरहून अधिक निधी जाहीर झाला. सभांमध्ये एका गटाला जुन्यासारखे पाळणे आणि रंगमंच हवा होता. दुसऱ्या गटाचं म्हणणं, नुसती वाळू, सावली आणि जीवरक्षक द्या, फार बांधू नका. ज्यांनी फावडी चालवली त्यांना भीती वाटत होती की जागा चकचकीत झाली की तिकीट लागेल. हे भांडण ऐकायला मला आवडायचं. १९५४च्या बांधकामात काय हवं हे त्या लोकांना कुणी विचारलं होतं की नाही कोण जाणे, या वेळी मात्र तावातावाने विचारावं लागत होतं.

अधिकृतपणे जागा बंदच होती. आत पोहणं बेकायदा, जीवरक्षक नाही, अशा पाट्या लावलेल्या होत्या. मी शेवटचा गेलो तो जुलै महिना होता. पाट्यांच्या शेजारून एक आजी नातवाचा हात धरून रूळ ओलांडत होत्या. दुसऱ्या हातात घडीची खुर्ची होती. नातू पाटी वाचायला थांबला. त्या म्हणाल्या, चल, मला रस्ता माहीत आहे.